संध्यानं वाचलेला शेवट

सातपूरच्या कामगार वसाहतीतलं बायकांचं वाचन मंडळ म्हणजे दर बुधवारची दुपार, एक कादंबरी आणि सहा जणी. लायब्ररीतून प्रत एकच मिळायची, शिवाय विमलाबाईंना अलीकडे अक्षर दिसेनासं झालेलं. म्हणून पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं ठरलं होतं. १९९९ सालच्या त्या कादंबरीनं तर सगळ्यांना वेड लावलं. घर सोडून गेलेला मुलगा आणि त्याची वाट बघणारी आई, एवढीच गोष्ट, पण हातातली भाजी निवडायची राहून जायची. शेवटचं प्रकरण संध्याच्या वाट्याला आलं.

संध्या तशी पापभीरू बाई. आदल्या दिवशी तिनं घरी पानं डोळ्यांखालून घातली, तर शेवटी मुलाच्या मरणाची तार येत होती. विमलाबाईंचा मुलगा सोमनाथही बापाशी भांडून गेला, त्याला बारा वर्षं होत आली होती. संध्याचा धीर झाला नाही. बुधवारी तिनं नजर पानावर ठेवली आणि मुलाला सुखरूप दारात आणून उभं केलं. विमलाबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. संध्याबाईंना वाटलं, आपण पुण्य जोडलं.

पुढच्या बुधवारी कादंबरीवर बोलायचं होतं. विमलाबाईच आधी बोलल्या. त्यांची लेक हर्षाली घोटीहून आली होती. बारा वर्षं माग लागला नाही, की माणूस गेला असं धरून दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. ते रामकुंडावर उरकून आईला कायमचं घोटीला न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. विमलाबाईंनी बोचकंही बांधलं होतं.

"म्या तिला माघारी धाडलं," त्या म्हणाल्या. "पुस्तकातली बाई उंबरा सोडून गेली असती, तर पोरगा कुणाच्या दारात उभा राहिला असता?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. संध्याच्या मनात आलं, डोळ्यांनी अधू, एकटी बाई, आणि तिला इथं अडकवलं कुणी? नको तिथली दया अशी अंगाशी येते.

सगळ्या पांगल्यावर संध्यानं कबूल केलं. विमलाबाईंना पटेना, तेव्हा शेवटचं पान जसंच्या तसं वाचलं. तारेपाशी तिला रडू आवरेना, तरी वाचलं.

विमलाबाई रागावल्या असत्या तर संध्याला बरं वाटलं असतं.

"तू आधी वाचलं तवा तो आला व्हता, संध्या," त्या म्हणाल्या. "आता त्याला कसं जाळू देऊ?"