आगबोटीची डावी बाजू

रामसिंगानं अंगणातल्या धुळीत काडीनं आगबोट काढली. आधी एक लांबोडा आकार, मग त्याच्या मधोमध गोल.

"हे धुराडं," तो म्हणाला. "याच्यापाशी बसू नोको, माय. गरम लागते आन् कोळशाची भुकटी डोयात जाते. पार पुढं टोकाले बी नाई. तठी आगबोट पाळण्यावानी वरखाली होते. बसाचं ते अठी." धुराडं आणि पुढचं टोक यांच्या मध्ये त्यानं फुली मारली.

गोजराबाई उडीद पाखडत होती. सूप मांडीवर ठेवून ती वाकली आणि फुलीकडे नीट पाहिलं.

"हे जागा भेटते?"

"भेटते. पन धक्क्यावर पाहाटेच जाऊन बसा लागते. फाटक उघडलं का लोक धावतात. पाटलाले गठुडं घेऊन मांगून येऊ दे. तू निसती सतरंजी घेऊन पुढं होजो. सतरंजी पसरली का जागा आपली."

गोजराबाई हसली. तिचं माहेर रिठद, सासर केनवड. पंचावन्न वर्षांत ती सर्वांत लांब गेली होती ती वाशिमच्या स्टेशनापर्यंत, तीही लेकीला, पंचफुलेला, सासरी पाठवायला. आणि आता ती सतरंजी घेऊन मुंबईच्या धक्क्यावर धावणार होती.

मुलगी उजवली होती. धाकटा शालिग्राम शेत सांभाळत होता. त्या दिवाळीत तिच्या नवऱ्यानं, इंद्रभान पाटलांनी, म्हटलं, आता दोघं काशीला जाऊन येऊ. गोजराबाई म्हणाली, काशी नको, द्वारका. आणि जायचं ते आगबोटीनं. पाटलांनी चौकशी केली, तर द्वारकेपर्यंत आता रेल्वेही जात होती. त्यांनी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं रिठदजवळच्या तांड्यावर निरोप धाडला, की रामसिंगाला म्हणावं सवडीनं ये, आगबोटीचं विचारायचं आहे.

त्या भागात आगबोटीत बसलेला माणूस एकच होता. पंधरा-अठरा वर्षांपूर्वी, मोठी लढाई चालू असताना, सरकारनं खेचरं हाकायला माणसं भरती केली. तांड्यावरचा रामसिंग गेला आणि केनवडचा जानराव गेला. दोघांना आगबोटीनं समुद्रापलीकडं, अरबांच्या मुलखात बसऱ्याला नेलं. जानराव हा गोजराबाईचा थोरला. कापसाची गाडी घेऊन तो वाशिमच्या बाजाराला गेला आणि तिथूनच परस्पर नाव लिहून मोकळा झाला. गाडी दुसऱ्यानं घरी आणली. पोराला शिदोरी बांधून द्यायचंही तिच्या हातून राहिलं. तीन वर्षांनी रामसिंग एकटा परतला. तांड्यावर न जाता तो आधी केनवडला आला आणि सांगितलं, की घरी निघायला चार दिवस राहिले असताना जानरावाला ताप भरला. बसऱ्याच्या दवाखान्यातच तो वारला. नदीकाठी चिता रचून अग्नी दिला. राख नदीत सोडली.

तेव्हापासून पितृपक्षात जानरावाच्या तिथीला रामसिंग न चुकता यायचा. ओसरीच्या पायरीखाली बसायचा, जेवायचा आणि जायचा. गोजराबाईनं त्याला बसऱ्याबद्दल पुष्कळ विचारलं होतं. तिथलं ऊन, तिथल्या खजुरी, खेचरांची नावं. समुद्राबद्दल मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि तोही आपणहून बोलला नव्हता.

आता ती विचारत होती. रामसिंग दर चार-आठ दिवसांनी यायचा आणि जे आठवेल ते सांगायचा.

"पावसायात आगबोटी बंद राह्यतात. दिवाळी झाली का समुद्र निवते. पौषात निंगा, लय बरं."

"पोट उपाशी ठेवू नोको, आन् टम्म बी भरू नोको. लाह्या, फुटाने, कोरडी भाकर. संग सुंठ आन् निंबू."

"ओकारी आल्यावानी वाटलं तं खाली लाटाकडं पाहू नोको. जठी आभाय पान्याले टेकते तठी पाह्यजो. तठचं काई हालत नाई."

"तुले लागलं होतं का?" तिनं विचारलं.

"मले लागलं. जान्याले नाई." रामसिंग काडीशी खेळत म्हणाला. "तो दिवसभर कठड्यापाशी उभा राहे. खलाशी त्याले हाकलत."

गोजराबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही.

"म्हनूनच मले जाचं हाय," ती म्हणाली. "त्यानं जे पाह्यलं ते डोयानं पाह्यचं. द्वारका आपली निमित्ताले."

त्या दिवशी रामसिंग निघाला तेव्हा इंद्रभान पाटील त्याच्याबरोबर वेशीपर्यंत चालत आले. एरवी ते कुणाला पोचवायला जात नसत.

"तिले रेल्वेचं सांग," पाटील म्हणाले. "तुहं ऐकंन."

"सांगतलं, पाटील. नाई ऐकत."

"अजून एकदा सांग. समुद्र कायले पाह्यजे? वय झालं."

रामसिंगाला वाटलं, पाटलांना बायकोच्या तब्येतीची काळजी आहे. त्यानं पुढच्या खेपेला रेल्वेचं पुन्हा सांगून पाहिलं. गोजराबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आगबोटीत पिण्याचं पाणी मिळतं की घरून न्यायचं.

निघायला दोन दिवस उरले होते तेव्हा रामसिंग भर दुपारी आला. पाटील शेतात गेले होते. ओसरीवर गाठोडं बांधून तयार होतं. त्या दिवशी त्यानं उतरायचं सांगितलं. द्वारकेला आगबोट काठाला लागत नाही, लांबच उभी राहते. न्यायला पडाव, म्हणजे लहान होड्या, येतात. पडाव लाटेबरोबर खाली-वर होतो, तेव्हा तो खाली असताना उडी घ्यायची नाही. लाट त्याला वर आणून देते, तेवढं थांबायचं, आणि वर आला की पाय टाकायचा.

"लाट आपसूक आनून देते?"

"देते. निसता दम धरा लागते."

सांगून झालं. गोजराबाईनं त्याला पाणी दिलं. तो प्यायला, गडवा खाली ठेवला, पण उठला नाही. अंगणात त्यानं पुन्हा एकदा आगबोट काढली होती. त्या चित्राकडे पाहत तो बसून राहिला.

"माय, अजून एक."

"सांग ना."

"मुंबईहून निंगाली का आगबोट उत्तरेकडं जाते. उजव्या हाताले किनारा राह्यते. देवयं दिसतात, दिवे दिसतात. सारे लोक उजव्या अंगाले गोया होतात." त्यानं काडीनं आगबोटीच्या डाव्या बाजूला रेघ ओढली. "तू डाव्या अंगाले उभी राह्यजो."

"तिकडं काय दिसते?"

"काई नाई. पानी."

"मंग कायले उभी राहू?"

रामसिंगानं हातातली काडी मोडली. दोन्ही तुकडे खाली टाकले.

"बसऱ्याहून येनाऱ्या आगबोटी त्या अंगानं येतात," तो म्हणाला.

गोजराबाई गाठोड्याची गाठ तपासत होती. तिचा हात तिथंच राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाली,

"तू नदीकाठ म्हंतला होता."

"नदी नोयती, माय."

फाटकाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाटील गाडीतून उतरले. रामसिंग उभा राहिला, पायानं त्यानं धुळीतली आगबोट पुसली आणि पाटलांना रामराम करून निघाला. गोजराबाईनं त्याला जेवून जा म्हटलं नाही. पंधरा वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी तिनं भाकरी थापल्या. दोनदा पीठ सैल झालं. ताटावर बसल्यावर पाटलांनी विचारलं, जीव बरा नाही का. ती म्हणाली, बरा आहे. साठीला आलेला माणूस. दर पितृपक्षात पोराच्या नावानं नदीवर जाऊन पाणी सोडणारा. पोराला अग्नी मिळाला नाही, आगबोटीवरूनच त्याला समुद्रात सोडलं, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं. जे आहे ते आपल्यापाशीच राहू द्यावं, असं तिनं ठरवलं.

वाशिमहून गाडी, अकोल्याला दुसरी गाडी, मग बोरीबंदर. सगळं रामसिंगानं सांगितल्यासारखं होत गेलं. धक्क्यावर ती सतरंजी घेऊन पुढं झाली आणि धुराड्याच्या पुढची जागा तिला मिळाली. मुंबई मागं पडली तसं पाटलांना लागलं. ते दिवसभर सतरंजीवर डोळे मिटून पडून होते. तिनं त्यांना लिंबू चोखायला दिलं, कपाळ दाबलं. तिला स्वतःला काही झालं नाही. शेजारची एक म्हातारी म्हणाली, तुम्ही दर्यावरच्याच दिसता. गोजराबाई म्हणाली, नाही, आमच्याकडं विहिरीलासुद्धा उन्हाळ्यात पाणी नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन कोवळं असताना ती उठून डाव्या बाजूला गेली. तिकडं कुणी नव्हतं. एक खलाशी दोर गुंडाळत बसला होता, तेवढाच. तिनं कठडा धरला.

तिला वाटलं होतं, समुद्र निळा असेल. तो काळपट होता, पेरणीआधी नांगरून टाकलेल्या रानासारखा. तास पडावेत तशा लाटा पडल्या होत्या. फक्त कुठं बांध नव्हता. कुठं एखादं झाड नव्हतं, की ज्याच्यावरून माणसानं म्हणावं, अमक्या ठिकाणी. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि परत पहिल्या टोकापासून सुरुवात केली.

मागं पावलं वाजली. पाटील दोरांना धरत, डुलत येत होते.

"द्वारका दिसून राह्यली म्हंतात," ते म्हणाले. "त्या अंगाले चाल."

"तुमी पाहून या."

पाटील गेले नाहीत. तेही कठडा धरून तिच्या शेजारी उभे राहिले. वाऱ्यानं त्यांच्या फेट्याचा शेव उडत होता.

"रामसिंगानं सांगतलं," ते म्हणाले. विचारल्यासारखं म्हणाले नाहीत.

गोजराबाईनं मान वळवली.

"कागद आला होता," पाटील पाण्याकडे पाहत बोलत राहिले. "रामसिंग येऊन गेल्यावर महिनाभरानं. इंग्रजीत होता. वाशिमच्या मास्तराकडून वाचून घेतला."

"मले नाई सांगतला."

"तू रामसिंगाले पुसलं होतं, अग्नी देल्ला का म्हनून. तो हो म्हनला. तवा कुठी तू चार दिवसांनी भाकर खाल्ली. मंग कागद कायले दाखवू? आडात टाकून देल्ला."

"अन् रामसिंगाले?"

"त्याले काय सांगू? तुह्यासाठीच तो खोटं बोलला. म्या त्याले खोटा काहून पाडू?"

म्हणजे वर्षानुवर्षं रामसिंग आणि पाटील दोघंही खरं ठाऊक असून त्या तिथीला जेवले होते. नदीवर सोडलेल्या पाण्याकडं पाटील कसे पाहत असतील, ते तिला आता दिसलं. आणि रेल्वेनं जाऊ, रेल्वेनं जाऊ असं ते का म्हणत राहिले, तेही.

ती त्यांच्यावर चिडली नाही. चिडायला वेळ नव्हता. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती रामसिंगाला विचारायची राहून गेली होती.

"किती आला होता?"

"काय?"

"जान्या. बसऱ्याहून निंगाला, तं कुठवर आला होता?"

कठड्यावरचा त्यांचा हात दोनदा सरकला.

"कागदावर तारीख होती. मास्तरानं हिशोब करून सांगतलं," ते म्हणाले. "मुंबई दोन दिवसांवर राह्यली होती."

गोजराबाई पाण्याकडे वळली. इतकी वर्षं तिला पोर दिसायचं ते परक्या वाळूत, खजुरीखाली पडलेलं. घरी निघायचं गाठोडंही न बांधलेलं. घराकडं त्याचं तोंड तरी होतं की नव्हतं, हे तिला कधी कळलं नव्हतं.

"म्हंजे निंगाला होता," ती म्हणाली.

"निंगाला होता."

"लय जवळ आला होता."

पाटलांनी मान हलवली. त्यांनी सावकाश फेटा सोडला आणि काखेत धरला. त्यांचे विरळ पांढरे केस वाऱ्यानं विस्कटले. पलीकडच्या बाजूला लोकांनी द्वारकाधीशाचा जयजयकार केला. माणसं तिकडं दाटली तशी आगबोट किंचित उजवीकडं कलली, आणि ही बाजू पाण्यापासून थोडी वर उचलली गेली.

दोर गुंडाळणारा खलाशी उठला. या दोघांना वाट कळली नसेल असं त्याला वाटलं. त्यानं हात करून दाखवलं.

"द्वारका उधर है, बाई."

"जातो, बाप्पा," गोजराबाई म्हणाली. तिनं कठडा सोडला नाही. "थोडं थांबून जातो."