शेजारच्या खोलीत ऐकू येतो

आजकाल साधी गाळणी घ्यायची म्हटली तरी माणूस घरातल्यांना विचारत नाही, शंभर अनोळखी लोकांना विचारतो. त्यांनी तारे दिले की मग खिशात हात घालतो. भाषांतरकार तर या बाबतीत पक्का चिवट. कीबोर्ड घ्यायचं मनात आलं तेव्हा तो कितीतरी दिवस लोकांचे अनुभवच वाचत बसला होता. छोटा, बिनवायरचा, मेकॅनिकल कीबोर्ड. कोणी लिहिलं होतं, बोटांना काय सुख आहे म्हणून सांगू! कोणी लिहिलं होतं, आकड्यांची सगळी बाजूच कापून टाकलीय, हिशेबवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. कॉलेजातल्या एका मुलीनं कौतुक केलं होतं की पिशवीत मावतो आणि एकदा चार्ज केला की विसरून जा. आणि एका गृहस्थानं एकच तारा देऊन तळतळाट केला होता : 'मेला काय आवाज करतो! दार लावलं तरी शेजारच्या खोलीत ऐकू येतो. बायको म्हणाली, या घरात एक तर हा राहील नाहीतर मी. परत केला.'

भाषांतरकारानं तो तळतळाट पुन्हा एकदा वाचला आणि ताबडतोब ऑर्डर देऊन टाकली.

आता याला कोणी येडा म्हणेल. म्हणू दे. त्याचं कारण शेजारच्याच खोलीत खिडकीपाशी बसलं होतं.

कारण म्हणजे त्याची बायको. तिनं अख्खी नोकरी एका मोठ्या ऑफिसात टेलिफोन बोर्डावर काढली. पलीकडच्यानं 'हॅलो' म्हणायच्या आधी नुसत्या श्वासावरून कोण आहे ते ओळखायची, आणि भले भले साहेब तिला वचकून असायचे. ती निवृत्त झाली आणि डोळ्यांनी दगा दिला. आतला पडदा झिजत गेला. औषधं झाली, ऑपरेशन झालं, शेवटी उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं उरलं. बाई खमकी. रडत बसली नाही, घरातल्या भिंती पाठ करून टाकल्या. पण एका गोष्टीपुढे तिनंही हात टेकले. नवरा बाहेरच्या खोलीत मिक्सरच्या, गिझरच्या, शिलाई मशीनच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करत बसायचा, आणि त्याचा लॅपटॉप इतका मुका की आत माणूस आहे की गेला, काही पत्ता लागू नये. मग ती हाक मारायची, "अहो, आहात ना?" तो म्हणायचा, "आहे गं." जरा वेळानं पुन्हा तेच.

एकदा तो खाली दूध आणायला गेला. सांगायचं राहून गेलं. परत आला तर बायको रिकाम्या खोलीला गोष्ट सांगत होती. बोर्डावरच्या कुठल्याशा मैत्रिणीची, चांगली रंगवून, मध्येच स्वतःशी हसत. तो दारातच थिजला. हातातली पिशवी सळसळली, तशी ती थांबली. "बाहेर गेला होतात होय," एवढंच म्हणाली, आणि ती गोष्ट तिनं पुन्हा काही सांगितली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. न भांडल्यामुळे ते त्याच्या काळजात रुतून बसलं.

तर कीबोर्ड आला. तिनं तो हातात घेतला, कडेकडेनं चाचपला.

"एवढासाच? बाकीचा अर्धा दुकानातच राहिला का हो?"

"असाच असतो. आटोपशीर."

"माझ्या पोळपाटाएवढासुद्धा नाही," ती म्हणाली. पण तिची बोटं थांबेनात. मधल्या दोन बटणांवरचे बारीक उंचवटे तिला बरोब्बर सापडले. मग भाषांतरकार बसला आणि त्यानं एक ओळ हाणली. टक टक टकाटक, आणि शब्द सुटला की स्पेसचं लांब बटण धप्पकन.

"अगंबाई, पत्र्यावर गारा पडतायत!" असं म्हणाली खरी, पण तोंडभर हसली. त्या दिवसापासून 'आहात ना' बंद. दुपारी ती टकटक ऐकत आडवी व्हायची आणि तिचा डोळा लागायचा. भाषांतरकाराला वाटलं, देव पावला.

देव असा लगेच पावला की समजावं, मागून काहीतरी येतंय. पुस्तिका पाठवणाऱ्या कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, मध्यंतरी तुमच्याकडून बराच उशीर झाला ना सर, तेव्हा आम्ही हे काम कॉम्प्युटरकडूनच करून घ्यायचं ठरवलंय. उशीर कुठे झाला होता? डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर. पण हे काही तो बोलला नाही. "उशीर झाला हे खरं आहे," म्हणाला, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी जेवताना सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं. पण पहिला घास घ्यायच्या आधी बायकोच म्हणाली, "मी म्हणते, धाकटीकडे जाऊन राहावं आता."

धाकटी म्हणजे तिची बहीण. दोन रिकाम्या खोल्या आणि मोठ्ठा आवाज असलेली बाई.

"का? इथं काय झालं?"

"तुमचा खोळंबा होतो माझ्यापायी. उशीर झाला म्हणत होतात ना फोनवर? मी आंधळी झालेय, बहिरी नाही."

काम तिच्यापायी गेलं हे कळलं तर ही उद्याच निघेल. "छे गं, कसला खोळंबा!" तो म्हणाला. "उलट काम वाढलंय. ऐकशीलच तू उद्यापासून."

एक खोटं बोलायचं म्हणजे त्याला पोसायला आणखी दहा. दुसऱ्या दिवसापासून भाषांतरकार सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसू लागला आणि टाइप करू लागला. काय? काहीही. 'उपकरण ओल्या हाताने हाताळू नये.' 'उपकरण मुलांपासून दूर ठेवावे.' मग भाज्यांची नावं, मग शाळेतली पाठांतरं. पुढे पुढे लॅपटॉप उघडायचाही त्याला कंटाळा आला. बिनवायरचाच तो, बटण दाबलं की वाजणारच, जोडलेला असो नाहीतर नसो. बटाटे उकडत ठेवले की ओट्यापाशी स्टूल घेऊन, मांडीवर ठेवून वाजवायचा. विकत घेणाऱ्या इतक्या लोकांनी इतके गुण लिहिले होते, हा मात्र कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. आणि त्या गुणाची त्याला मनातून लाज वाटायची.

पण डाव उलटाच पडत होता. हा जितका जोरात वाजवी तितका तिचा जायचा विचार पक्का होत चालला होता. एवढं काम माणसाला, आणि वर माझं जेवणखाण, माझे डोळ्यातले थेंब, मला हाताला धरून फिरवून आणणं. एका सकाळी तिनं स्वतःच बहिणीला फोन लावला. उद्या दुपारी गाडी घेऊन येते, असं धाकटी म्हणाली. ते तर भिंतीपलीकडेही ऐकू आलं.

भाषांतरकार टेबलाशी जाऊन बसला आणि वाजवू लागला.

त्याच दुपारी बायको भिंतीला हात लावत लावत बाहेरच्या खोलीत आली आणि त्याच्या मागच्या खुर्चीत बसली.

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "जायच्या आधी जरा ऐकून घेते. तिकडे कोण वाजवणार आहे मला?"

त्यानं जीव ओतून वाजवलं. टकाटक टकाटक, धप्प. ओळीमागून ओळ, कुठे अडखळणं नाही, बोटं नुसती धावत होती. आयुष्यात इतकं सुरेख टायपिंग त्यानं कधी केलं नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली, "तुमचं खोडायचं बटण बिघडलंय का?"

"नाही. का गं?"

"मग ते वाजत का नाही?"

त्याचे हात थांबले.

"तुम्ही एक ओळ लिहिता आणि दीड ओळ खोडता," ती म्हणाली. "वाण्याची यादीसुद्धा कधी सरळ लिहिली नाहीत जन्मात. वरचं ते कोपऱ्यातलं बटण करंगळीनं भराभरा हाणता, मग 'च्यक' करता, मग उठून पाणी पिता. आत लोळत असले की पंख्याच्या घरघरीत एवढं बारीक कळत नाही. पण आता मघापासून बसलेय, एकदासुद्धा 'च्यक' नाही. काय लिहिताय? वाचून दाखवा बघू."

गिझरपासून इस्त्रीपर्यंत सगळं ज्यानं भाषांतर केलं, त्या माणसाला एक वाक्य रचता येईना. बायको उठली. तिचा हात टेबलावरून सरकत आला, लॅपटॉपला लागला. झाकण मिटलेलं होतं आणि गार होतं.

"काम गेलं गं," तो म्हणाला.

"कधी?"

"तो फोन आला होता ना, त्याच दिवशी."

"माझ्यापायी?"

"नाही," तो म्हणाला, पण फार घाईनं म्हणाला. जी बाई नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायची तिच्यापुढे असल्या 'नाही'चा काय पाड! संपलं, भाषांतरकाराला वाटलं. आता उद्याची वाटसुद्धा बघणार नाही ही.

"धाकटीला फोन लावा," ती म्हणाली.

त्यानं लावून दिला.

"उद्या येऊ नकोस गं," बायको फोनवर म्हणाली. "नाही, मी काही येत नाही."

"अगं पण तुझं कसं होणार?" धाकटीचा आवाज खोलीभर घुमला. "ते दिवसभर कामात!"

"काम गेलंय त्यांचं. अगं, कामाला माझी अडचण होत होती म्हणून निघाले होते. आता काम कुठंय? माझी पेन्शन आहे, उपाशी नाही मरत आम्ही." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि आत्ता कशी येऊ मी? हे इतके दिवस बंद मशीनपुढे एकटेच बसत होते. यांना सोबत नको का कोणाची?"

भाषांतरकारानं तोंडात मूठ घातली. खांदे हलत होते, पण आवाज म्हणून त्यानं फुटू दिला नाही. बायकोनं फोन ठेवला, खुर्ची ओढून त्याच्याजवळ आणली, आणि हातानं शोधत शोधत त्याच्या गालापर्यंत पोचली. गाल ओला होता.

"रडताय होय?" ती म्हणाली. "मग आवाज करून रडा की. असं मुक्यानं रडलात तर मला कसं कळायचं?"