शेंगापोळ्यांचा डबा

दिपालीने मायाक्काचे दोन्ही हात पालथे करून पाहिले, मग उताणे केले. बोटं झडलेल्या त्या हातांना चटका कळत नसे, म्हणून मायाक्का चुलीपाशी बसली की दिपालीला धास्ती वाटे. आज मात्र एकही फोड नव्हता.

“पोळ्या लाटल्या मीच. तव्यावर शेजारच्या पार्वतम्मानं टाकल्या,” मायाक्का हसत म्हणाली. “तुमी सांगितलेलं ध्यानात हाय की, सिस्टर.”

चर्चच्या पायरीवर तिचा स्टीलचा डबा होता, शेंगापोळ्यांनी गच्च भरलेला. कुंभारीजवळ कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांची वसाहत आहे. दवाखान्यातल्या नोकरीला सुटी असेल त्या दिवशी, म्हणजे दर गुरुवारी, दिपाली तिथे मलमपट्टी करायला जाई. मायाक्काच्या तळपायाची जखम दोन पावसाळे चिघळली होती. ती आता कुठे भरली होती आणि आज तर उपकारस्तुतीची उपासना. बाईला देवाचे उपकार मानायची कोण घाई झाली होती!

उपासनेनंतर मागच्या अंगणात प्रीतिभोजन असे. घरोघरचे पदार्थ टेबलांवर मांडले जात. वसाहतीतल्यांना महिला मंडळ दर वर्षी आठवणीने सांगे, तुम्ही केळी आणा. केळीच का, ते कोणी बोलत नसे. केळ्याला साल असते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

दिपालीने डबा आणून टेबलावर ठेवला, तर मंडळाच्या अध्यक्ष सुंदरम्माकाकूंनी तो अलगद उचलून टेबलाखाली सरकवला.

“काकू, तो वर ठेवायचाय.”

“कोण खाणार नाही गं. भरलेला डबा परत न्यायची पाळी आली तर तिलाच वाईट वाटेल. मी तिच्यासाठीच म्हणते.”

“औषधं घेऊन बरी झालीय ती. तिच्या हातचं खाऊन काही होत नाही, किती वेळा सांगायचं?”

“मला नको सांगू.” काकूंचा आवाज जराही चढला नाही. “एवढी वर्षं जातीस. तू तरी तिथं कधी घोटभर चहा घेतलास का?”

दिपाली घरून डबा न्यायची आणि काम आटोपलं की कुंभारीच्या फाट्यावर गाडी लावून खायची. वसाहतीत कोणी थांबा म्हटलं की वेळ नाही म्हणायची. स्वतःलाही तिने तेच सांगून ठेवलं होतं. तिला भयंकर लाज वाटली.

तिने वाकून डबा बाहेर ओढला. केळ्यांची टोपली बाजूला सारली, झाकण काकूंच्या हातात दिलं आणि डबा मधोमध ठेवला. मग एक पोळी घेऊन तिथंच उभ्या उभ्या खाऊ लागली. रांगेतली माणसं बघत राहिली. गूळ थोडा जास्त पडला होता, पण शेंगदाणे खमंग भाजले होते. पोळी फार सुरेख झाली होती.

तेवढ्यात मायाक्का आली. “बरी झालीया का?”

“लई चांगली झालीय.”

“तुमच्यासाठीच केल्या की. आमच्यात आल्यावर तुमाला कामातनं खायला टाइम न्हाय गावत. मनलं, हितं तरी निवांत खाताल.”

दिपालीने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. तिथे नुसता आनंद होता.

“मायाक्का, येत्या गुरुवारी मी डबा आणणार नाही.”

“मग उपाशी ऱ्हाताल व्हय?”

“तुमच्यात जेवीन.”

काकूंच्या हातात अजून झाकण होतं. त्यांनी ते डब्यावर लावलं नाही.

“पार्वतम्मा!” मायाक्काने अंगणाच्या त्या टोकाला हाक मारली. “सिस्टर गुरुवारी आपल्यात जेवायला हाय. आमटी करायची का पिठलं, आत्ताच सांग!”