रोजचे चाळीस किलोमीटर

साहेबांच्या जुन्या गाडीने मेकॅनिकच्या शेडमध्येच मान टाकली. मेकॅनिकने बॉनेट खाली टाकलं, फडक्याला हात पुसले आणि आवाज उतरवून म्हणाला, "आता हिच्यात पैसे घालू नका."

साहेबांनी मान डोलावली. बँकेच्या कर्ज विभागात त्यांनी उभी नोकरी काढली ती हेच वाक्य लोकांना ऐकवण्यात. हाताखालचे कारकून त्यांना पाठीमागे 'नामंजूरसाहेब' म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि राग येण्याऐवजी त्यांना जरासं बरंच वाटलं होतं.

काकूंचं म्हणजे साहेबांच्या बायकोचं गाडीवाचून काही अडत नव्हतं. काकू सगळ्या इमारतीच्या. त्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करत. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, लग्नाआधी जाड झालेल्यांचे कोट उसवून सैल करायचे. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. त्या चालत जात, चालत येत. त्यामुळे साहेबांनी "विजेवरची गाडी परवडते का ते बघतो" म्हटल्यावर त्यांनी "बघा" म्हटलं आणि सुईत दोरा ओवत बसल्या.

साहेबांनी बघायला घेतलं म्हणजे कसं बघितलं! जावयाकडे तसली गाडी होती, त्याला फोनवर इतकं पिडलं की तो "मीटिंग आहे" म्हणायला शिकला. शोरूममधल्या मुलीला त्यांनी बॅटरीची हमी, विम्याचा हप्ता, जुनी झाल्यावर येणारी किंमत, सगळं विचारलं. ती बिचारी पाणी प्यायला उठली ती थेट मॅनेजरलाच घेऊन आली. शेवटी एका संध्याकाळी साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल सांगितला.

"गाडी घेताना महाग, चालवताना स्वस्त. म्हणजे जितकी पळवू तितका फायदा. रोज चाळीस किलोमीटर पळवली, तर आठ वर्षांत जास्तीचे पैसे वसूल."

"आपण रोज किती फिरतो?"

"रोज असं नाही."

"आठवड्याला?"

आठवड्याला त्यांची गाडी भाजी बाजारापर्यंत आणि फारतर दातांच्या डॉक्टरपर्यंत जाई.

"म्हणजे घ्यायची नाही," काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं, विषय मिटला.

पण साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "तसं कसं? गाडी असली की माणूस फिरतोच. चाळीस धरायला काही हरकत नाही."

काकूंची सुई थांबली. अशा धरण्यावर या माणसाने किती जणांना केबिनबाहेर काढलं होतं! 'रोज शंभर गिऱ्हाइकं येतील असं धरलंय तुम्ही, येतील कुठून?' हे वाक्य त्यांनी जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांना ते पाठ होतं. तेच वाक्य आता नवऱ्याला सुनवावं असं अगदी ओठावर आलं. मग त्यांना आदल्या दिवशीची चक्कर आठवली. शोरूमची गाडी साहेब चालवत होते, काकू मागे बसल्या होत्या. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. सिग्नल सुटला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. आरशात साहेबांचा चेहरा दिसला. लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस इतका खूश दिसत नव्हता. साठी उलटलेल्या माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडली, असं म्हणायची चोरी असते. त्याला आकडे लागतात.

"धरा चाळीस," काकू म्हणाल्या.

गाडी आली, निळी. आणि दुसऱ्या दिवसापासून चाळीस किलोमीटरही आले.

साहेबांनी ते मनावर घेतलं. धरलेला आकडा खोटा पडू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. भाजी आता जवळच्या बाजारातून येईना. शहराच्या दुसऱ्या टोकाचा बाजार 'ताजा' ठरला. तळमजल्यावरच्या आजींना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं साहेबांनी आपणहून अंगावर घेतलं आणि लांबचा रस्ता धरून नेलं. आजी म्हणाल्या, "डॉक्टर बदलला का रे?" कुणी जिन्यात पिशवी घेऊन दिसलं की साहेब विचारत, "कुठं निघालात? सोडतो की." लोक आधी ओशाळले, मग सोकावले, मग लपायला लागले.

खरा जाच काकूंना झाला. उभा संसार त्यांनी "कुठंतरी जाऊ या ना" म्हणण्यात घालवला होता आणि दरवेळी "पेट्रोल काय फुकट येतं?" हे उत्तर ऐकलं होतं. आता दुकानातून दमून आल्या की साहेब दारात किल्ली घेऊन उभे.

"चला, आज बारा कमी आहेत."

"अहो, पाय दुखतायत माझे."

"पाय कुठं लागतात? बसायचं तर आहे."

अशी त्यांनी तळी बघितली, टेकड्या बघितल्या, एक बंद पडलेला साखर कारखाना दोनदा बघितला. माहेरच्यांना फोनवर सांगताना त्यांना कळेना, तक्रार करावी की मिरवावं.

मग साहेब तापाने आडवे झाले. आठवडाभर गाडी खाली उभी, त्यामुळे तापापेक्षा किलोमीटरची तूट जास्त चढली. उठून बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर "ताईकडे जाऊन येऊ."

काकूंनी काढ्याचा पेला खाली ठेवला. ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. तिच्या घरचा उंबरा साहेबांनी बारा वर्षांत ओलांडला नव्हता. ताईच्या नवऱ्याने, भावोजींनी, बेकरीसाठी कर्ज मागितलं होतं ते नेमकं साहेबांच्याच बँकेत, आणि साहेबांनी ते नामंजूर केलं होतं. 'एवढा पाव त्या गावात खपणार नाही' असा शेरा मारून. नात्यातला आहे म्हणून दुसऱ्याच्या टेबलावर ढकलता आलं असतं, पण तसं केलं तर ते साहेब कसले? त्यानंतर नातं राखलं ते लग्नकार्यात लांबून हसण्यापुरतं.

"ताईकडे? का हो एकदम?"

"जाऊन येऊन सगळी तूट भरते," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं काही आहे का ते काकूंनी निरखून बघितलं. काही नव्हतं.

निघाले. अर्ध्या वाटेवर चार्जिंगची सोय आहे असं फोन सांगत होता. तिथे पोचले तर त्या यंत्राला ताडपत्री गुंडाळलेली आणि पुढे एक कुत्रं झोपलेलं. वर घाट लागला. पडद्यावरचा आकडा भराभर उतरायला लागला. साहेबांनी आधी एसी बंद केला, मग गाणी, मग बोलणं. ट्रकच्या मागे मागे राहत, घाम पुसत, त्यांनी ताईच्या गावात गाडी आणली तेव्हा पडद्यावर लाल दिवा लुकलुकत होता. "परत जायचं म्हणजे सबंध रात्र चार्ज करावी लागेल," ते पुटपुटले. भेट घेऊन, चहा पिऊन तासाभरात उठायचा बेत होता. तो तिथेच बारगळला.

बेकरी घराला लागूनच होती. भट्टीची ऊब रस्त्यापर्यंत येत होती. दारात भावोजी उभे, कोपरापर्यंत पीठ. त्यांनी गाडीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं.

"वाट चुकलात?"

"नाही. म्हणजे..." साहेबांनी गाडीकडे बोट दाखवलं. "जरा वीज मिळेल का? मोठा प्लग लागेल."

भावोजींनी सावकाश हात झटकले. काकूंना वाटलं, आता हा माणूस दार लावून घेणार, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

"वीज आहे," भावोजी म्हणाले. "पण अर्ज करावा लागेल. आत या."

आत एक स्टूल ओढून त्यांनी साहेबांना बसवलं, स्वतः पिठाच्या पोत्यावर बसले. "कशासाठी हवी?"

"गाडीसाठी," साहेब गोंधळून म्हणाले.

"व्यवसाय की हौस?"

साहेबांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी वर टांगलेल्या बल्बाकडे.

"हौस," साहेब म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून इतका हळू आला की भावोजींनी कानामागे हात धरला. "हौस हो, हौस!"

"परतफेड कशी करणार?"

"कशी म्हणजे? युनिटचे पैसे देईन."

"जामीन कोण?"

तेवढ्यात आतल्या दारातून ताई आल्या. केस पिकले होते, पण भांडायला निघाल्यासारखी चाल तीच. "मी जामीन," त्या म्हणाल्या. "पुरे करा तुमचं! पोरगं तापातून उठून आलंय, तोंड बघा कसं उतरलंय." साठीतलं ते पोरगं खाली मान घालून बसलं होतं. भावोजी पोत्यावरून उठले तेव्हा हसण्याने त्यांचं पोट हलत होतं, आणि डोळे त्यांनी बाहीला पुसले. पीठ गेलं असेल.

प्लग लागला. जेवताना साहेबांना राहवलं नाही. "भावोजी, खपतो का हो तेवढा पाव?"

ताईंचा हात वाढता वाढता थांबला.

"छे!" भावोजी म्हणाले. "तुमचा शेरा शंभर टक्के बरोबर. निम्मासुद्धा खपत नव्हता. दुसरीकडून कर्ज काढलं, पहिली दोन वर्षं रोज पाव उरायचा. मग उरलेल्याचे टोस्ट करायला लागलो. आता पाव उरावा म्हणून जास्त करतो. टोस्टवर चाललंय सगळं."

साहेबांनी पुढचा घास घेतला. आपलं बरोबर होतं हे ऐकायला ते बारा वर्षं थांबले असतील. पण ऐकून त्यांना काही विशेष झालेलं काकूंना दिसलं नाही. "टोस्ट अर्जात नव्हते," एवढंच ते म्हणाले.

"तेव्हा मला तरी कुठं माहीत होते?" भावोजी म्हणाले आणि त्यांच्या पानात आणखी वाढलं.

त्यानंतर ताईकडच्या फेऱ्या सुरू झाल्या. वरचेवर. काकूंनी तीन फेऱ्या केल्या, चौथ्या वेळी हात जोडले. "तुम्ही जा. मला एक रविवार माझ्या घरात पडू द्या."

साहेब एकटे गेले. काकूंनी पाय वर घेतले, पंखा लावला, झोप येईना. दुपारी फोन केला.

"पोचलात का?"

"कधीच. आता पाव टाकायला निघालोय." पाठीमागून भावोजींचा आवाज आला, 'डावीकडे घ्या, डावीकडे!' "त्यांची व्हॅन दुरुस्तीला गेलीय. मागची सीट पाडून ट्रे लावलेत. आजूबाजूच्या सगळ्या गावांत जायचंय. आज नुसते पावाचेच नव्वद होतील बघ!"

"भाडं देतायत ना ते?"

पलीकडे नुसते ट्रे खडखडले. निळ्या गाडीचा तर आवाजच नव्हता.

"भाडं कसलं घ्यायचं त्यांच्याकडून?" साहेब म्हणाले. "ठेवतो आता, गिऱ्हाईक उभं आहे."

काकूंनी फोन उशीशेजारी ठेवला. जास्तीचे पैसे आठ वर्षांत काय, सोळा वर्षांतही वसूल व्हायचे नाहीत, हे सांगायला बँकेत असावं लागत नव्हतं. त्या कुशीवर वळल्या आणि पाच वाजेपर्यंत गाढ झोपल्या.