निर्णय बरोबर, जागा चुकीची

पंचांची निवड गुणांवर करा, असं बैठकीत टेबल आपटून सांगणारी मीच. तोवर कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना कुणाला द्यायचा, हे सचिवसाहेबांच्या मर्जीवर ठरे, आणि ती मर्जी नेमकी पुरुषांवरच बसे. मी पंचवीस वर्षं शिट्टी फुंकली. तो सामना मला एकदाही मिळाला नाही. आता मी निरीक्षक आहे. प्रेक्षकांत बसायचं, पंचाचं काम बघायचं, दहापैकी गुण द्यायचे. हंगामाअखेर पहिल्या तिघांना अंतिम सामना.

माझी शिष्या चव्वेचाळीस वर्षांची. पंचेचाळीस झाली की नियमाने शिट्टी खाली ठेवायची, म्हणजे हा तिचा शेवटचा हंगाम. तिच्या सामन्याला निरीक्षक म्हणून नेमणूक झाली ती माझीच.

तिसऱ्या सत्रात तिने फाऊल दिला. निर्णय बरोबर होता. पण ती खेळाडूच्या पाठीमागे उभी होती, तिथून हात दिसणं शक्यच नव्हतं. अंदाज बरोबर आला, एवढंच. 'आपला तो बाळ्या' असं कुणी म्हणू नये म्हणून मी साडेसात गुण दिले आणि शेरा लिहिला, 'निर्णय बरोबर, जागा चुकीची.' दुसरी कुणी असती तर जास्त दिले असते, हे आता कबूल करते.

यादी लागली. ती चौथी आली, अगदी थोडक्यात.

मी बाकीचे अहवाल मागवून घेतले. सगळ्यांना नऊ, साडेनऊ. 'सामन्यावर उत्तम नियंत्रण' हे एकच वाक्य सतरा अहवालांत. त्यातल्या एका निरीक्षकाला तर सामना चालू असताना मी स्वतः कँटीनमध्ये चहा ढोसताना पाहिलं होतं. मी तडक सचिवसाहेबांकडे गेले.

"बाई, गुणांवर निवडा म्हणालात, निवडले," सचिवसाहेब म्हणाले. "गुण तुम्हीच कापलेत. त्याला मी काय करू?"

हात दाखवून अवलक्षण! दुसरं काय.

संध्याकाळी ती घरी आली. भांडेल, निदान दार तरी आपटेल, अशी माझी आशा होती. ती शांतपणे बसली.

"ताई, मी व्हिडिओ पाहिला. तुम्ही बरोबर लिहिलंय. मी दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं."

मला तिचा राग आला. माझा तर त्याहून जास्त.

"साहेबांनी पुढच्या वर्षी निरीक्षक व्हाल का म्हणून विचारलंय," ती म्हणाली. "मी हो म्हटलं. गुण कसे द्यायचे ते शिकवाल?"

तिने वही उघडली. बावीस वर्षांपूर्वी मैदानात कुठे उभं राहायचं ते मी शिकवलं, तेव्हाही ती अशीच वही घेऊन आली होती.

"नऊ देत जा," मी म्हटलं. "डोळे मिटून सगळ्यांना नऊ."

तिने पेन खाली ठेवलं.

"मग मला का नाही दिलेत, ताई?"