निरंक

अपडेट एक्क्याऐंशी टक्क्यांवर आलं तेव्हा राजेश्रीनं वर पंख्याकडं बघितलं. पंखा फिरत होता, म्हणजे लाइट होती. तिनं माऊसवरचा घामट हात ओढणीला पुसला आणि पुन्हा स्क्रीनकडं डोळे लावले.

जिंतूरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात असली कामं रात्री करायची सोय नव्हती. रात्री लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर आयसीयूला पुरला तरी मिळवली. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली तर डबा कायमचा बाद. म्हणून लोडशेडिंगचं टाइमटेबल बघून, बाहेर ओपीडी खच्चून भरलेली असताना, भर अकरा वाजता ती हे करत होती.

डबा म्हणजे शेगडीएवढा काळा डबा. इंटरनेटवरून दवाखान्याच्या कॉम्प्युटरांत कुणी चोरून शिरू लागलं तर त्याला दारातच अडवायचं, एवढंच त्याचं काम. बसवायला आलेला कंपनीचा माणूस त्याला 'आयपीएस' म्हणाला, तेव्हापासून शिपाई सिद्धोधनकाका त्याला एसपी साहेब म्हणायचे. दर सोमवारी राजेश्री रजिस्टरात लिहायची, 'घुसखोरी : निरंक'. पाच महिन्यांत साहेबांनी एकही चोर पकडला नव्हता, आणि भाबड्या पोरीला त्याचा अभिमान होता.

शंभर टक्के झाले. हिरवे दिवे लागले. दोन मिनिटांत फोन वाजला.

"राजेश्री, ईसीजी परभणीला जाईना. काय केलंस तू?"

शुभदा मॅडम होत्या, दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर. वॉर्डात बायनाबाई म्हणून एक म्हातारी छाती धरून आली होती. तिचा ईसीजी मशीनमधून थेट परभणीच्या हार्टच्या डॉक्टरांना जायचा, मग ते सांगतील ते इंजेक्शन द्यायचं. मोबाइलवर फोटो काढून पाठवला, तर ते म्हणाले रेषा नीट दिसत नाहीत.

"बघते मॅडम," राजेश्री म्हणाली.

"ताई, डबा काढून टाका अन् वायर सरळ जोडा," दारातून सिद्धोधनकाका म्हणाले. "हरिओम तसंच करायचा."

"आणि हरिओमचं काय झालं, काका?"

हरिओम तिच्या आधी या खुर्चीत होता. कटकट नको म्हणून त्यानं एकदा डबा बाजूला ठेवून वायर सरळ जोडली आणि तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी देशात बसलेल्या कुणीतरी पेशंटांचे सगळे कागद कुलूपबंद करून टाकले. नऊ दिवस दवाखाना हातानं लिहून चालला. दहाव्या दिवशी हरिओमला घरचा रस्ता दाखवला. राजेश्रीला त्याच्या जागी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, आणि त्यातले पंधरा दिवस उरले होते. काम पक्कं होणार की जाणार, हे या पंधरा दिवसांवर होतं.

तिनं डब्याची नोंद उघडली. लाल ओळींनी स्क्रीन भरला होता. प्रत्येक ओळीत तेच, बाहेरून हल्ला, अडवला. हल्ला करणाऱ्याचा नंबर सत्तेचाळीसनं संपत होता. तिनं भिंतीवर स्वतः चिकटवलेली यादी बघितली. सत्तेचाळीस म्हणजे वॉर्डातलं ईसीजी मशीन. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसला प्रकार चालला होता.

"काका, जरा बॅटरी धरा."

डबा ठेवलेल्या कपाटाच्या मागं ती गुडघ्यावर बसली. निळी वायर रस्त्यावरून येणारी, पिवळी वॉर्डातून. निळी 'आत'च्या भोकात होती आणि पिवळी 'बाहेर'च्या, म्हणजे दोन्ही उलट. जुन्या नियमांनी डबा तरीही आतल्या मशिनांना जाऊ देत होता. आजच्या अपडेटनं नियम कडक झाले आणि त्यानं ईसीजीलाच चोर ठरवलं. निळी वायर दिसली त्याच क्षणी हे कधी झालं, कसं झालं, सगळं राजेश्रीला कळलं.

"म्हंजे साहेब इतके दिवस घरच्याच माणसांवर नजर ठेवायलेत," काका म्हणाले, "अन् रस्त्याकडं पाठ?"

तिनं दोन्ही वायरी उपसल्या. परत घालताना घाईत पिवळी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा खट्कन बसली. दहा मिनिटांनी वॉर्डातून निरोप आला, ईसीजी गेला, इंजेक्शन दिलं, आता म्हातारीला अँब्युलन्सनं परभणीला हलवायचं.

इकडं स्क्रीनवर नव्या लाल ओळी पडायला लागल्या. या खरोखर बाहेरच्या होत्या. मिनिटाभरात तिघांनी दार हलवून बघितलं. पाच महिने हे दार उघडंच होतं, आणि या काळात कोण येऊन काय घेऊन गेलं ते देव जाणे. राजेश्री भिंतीला टेकून उभी राहिली.

शुभदा मॅडम तशाच हातमोजे काढत आल्या. राजेश्रीनं वायरींचं सांगितलं.

"पाच महिने? वायरी काढल्या कधी होत्या?"

"खंडेनवमीला, मॅडम. सगळी मशिनं पुसून पूजा केली, तेव्हा."

मॅडम सिद्धोधनकाकांकडं वळल्या. "कितीदा सांगितलं तुम्हाला, कळत नाही त्याला हात लावत जाऊ नका म्हणून."

"मॅडम, मी त्या दिवशी..."

"मला काही ऐकायचं नाही. राजेश्री, कारणे दाखवा नोटीस काढ, ह्यांच्या नावानं. अँब्युलन्स निघाली की सही करते."

त्या गेल्या. राजेश्रीला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलावा तसं वाटलं. ती कॉम्प्युटरपुढं बसली आणि भराभर टाइप करायला लागली. खंडेनवमीच्या दिवशी आपण निष्काळजीपणे वायरी उलट जोडल्या, त्यामुळे पाच महिने दवाखान्याची सुरक्षा धोक्यात आली, तीन दिवसांत खुलासा करावा. नावाची जागा तेवढी कोरी राहिली.

काका दारातच उभे होते. दसऱ्याला ते जिंतुरात कधीच नसत. दरवर्षी खंडेनवमीपासून तीन दिवसांची रजा टाकून नागपूरला दीक्षाभूमीवर जात. यंदाचा रजेचा अर्ज राजेश्रीनंच टाइप करून दिला होता. आणि खंडेनवमीला तो डबा तिनंच पुसला होता. नोकरी लागून दुसराच आठवडा होता. या महागाच्या वस्तूला कुणी हात लावू नका, मीच करते, असं सगळ्यांना सांगून तिनं वायरी काढल्या, डब्याला हळदकुंकू लावलं, आणि दिसतील त्या भोकांत वायरी परत घातल्या. हिरवे दिवे लागले, म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं.

"काका," ती म्हणाली.

"छत्तीस वर्षं झाली ताई," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या नावानं एक कागद न्हाई निघाला. रिटायर व्हायला दोन महिने राह्यलेत आता."

"मॅडमला का नाही सांगितलंत?"

"बोलू कुठं दिलं?" "अन् तुमी होतात की तिथं."

खाली अँब्युलन्सचा भोंगा वाजला. राजेश्रीनं कोऱ्या जागी नाव टाइप केलं. प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. तो घेऊन ती जिना उतरली.

शुभदा मॅडम पायरीवर उभ्या होत्या, पेन काढूनच. अँब्युलन्स फाटकाबाहेर वळत होती. त्यांनी कागद न बघताच केसपेपरच्या पॅडवर ठेवला आणि सहीची जागा शोधायला लागल्या.

राजेश्रीनं त्या जागेवर हात ठेवला.

"आधी नाव वाचा, मॅडम."