आठवी सही

जर्मनचे प्राध्यापक हॉवर्ड पेल यांनी डीनचं पत्र उचलून जाड शब्दकोशाखाली सरकवलं आणि मगच दारात उभ्या असलेल्या जोलीनला आत बोलावलं.

ती कोट न काढताच बसली. मांडीवरच्या फाईलमधून तिने एक पिवळा अर्ज काढून टेबलावर ठेवला. नाव, क्रमांक, वर्ष सगळं भरलेलं होतं. ‘मुख्य विषय’ या शब्दांपुढची ओळ तेवढी कोरी होती. त्याखाली सल्लागाराच्या, म्हणजे पेल यांच्या, सहीची जागा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हा अर्ज वसंताच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, चार वाजेपर्यंत द्यावा लागे. आज तोच शुक्रवार होता, आणि तीन वाजायला आले होते.

“बायोलॉजी की जर्मन, एवढंच ठरवायचंय,” जोलीन म्हणाली. “आई म्हणते, यात ठरवण्यासारखं काय आहे.”

जोलीनला फिजिशियन असिस्टंट व्हायचं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारी, पण स्वतः रुग्ण तपासणारी, औषध लिहून देणारी. लहानपणी त्यांच्या गावात डॉक्टर महिन्यातून दोनदा येत आणि बाकीचे दिवस दवाखाना अशाच एका बाईंवर चाले. कॉलेज संपलं की त्या शिक्षणासाठी पुन्हा अर्ज, आणि तिथे शंभरातून पाच-सहा जण घेतात. म्हणून शनिवार-रविवार ती वृद्धाश्रमात मदतनीसाचं काम करी. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. रुग्णसेवेचे असे तास दाखवल्याशिवाय तिथे कुणी दारात उभं करत नाही. तिचे अकराशे झाले होते.

आईचं म्हणणं तिने सांगितलं. आई शाळेची बस चालवते. जर्मन शिकून आलेल्या पोरीच्या हातून टाके कोण घालून घेणार, असं ती बसमधल्या आरशात बघून विचारते. शिवाय जोलीनच्या वर्गातले, ज्यांना ज्यांना पुढे हेच करायचं होतं, ते सगळे बायोलॉजीच घेत होते. जोलीनचे बायोलॉजीतले गुण बरे होते. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत मात्र सी मिळाला होता. तो एकच विषय तिच्या वाट्याला आला असता तर निभावलं असतं, पण बायोलॉजी मुख्य विषय घेतला की त्याच जातीचे आणखी चार मागे लागणार होते. जर्मनमध्ये तिला पहिल्या दिवसापासून ए होता.

पेल ऐकत होते. ऐकताना त्यांचा हात टेबलाच्या खालच्या खणाच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला.

त्या खणात एक कागद होता. ऑक्टोबरात जोलीन पहिल्यांदा या शिक्षणाबद्दल बोलली, तेव्हा पेल यांनी लायब्ररीत बसून अशा सहा संस्थांचे नियम वाचून काढले होते. विज्ञानाचे ठरावीक विषय हवेत, सरासरी गुण चांगले हवेत, तास हवेत. मुख्य विषय कोणता असावा, हे सहापैकी एकाही ठिकाणी लिहिलेलं नव्हतं. दोन ठिकाणी तर उलट लिहिलं होतं, की कोणताही चालेल. पेल यांनी ते पेन्सिलीने टिपून ठेवलं होतं, डोक्यावर तारीख घालून, जशी ते प्रत्येक कागदावर घालत.

नोव्हेंबरात डीनचं पत्र आलं. ज्या विभागाकडे मार्चमधल्या अर्जांच्या मुदतीपर्यंत मुख्य विषय घेतलेले आठ विद्यार्थी नसतील, तो बंद होईल. जर्मनकडे सात होते.

तेव्हापासून तो कागद खणातच होता.

“वृद्धाश्रमात कसं चाललंय?” त्यांनी विचारलं.

जोलीनने एर्मा डीट्रिखबद्दल सांगितलं. एर्माचं वय एक्याण्णव. दोन वर्षांपासून ती इंग्रजी विसरत चालली होती आणि बालपणीची बोली तेवढी उरली होती. पेन्सिल्वेनियातल्या जुन्या शेतकरी घरांतली, जर्मनची चिखलात वाढलेली धाकटी बहीण. वृद्धाश्रमात ती बोली कुणालाच येत नव्हती. एर्मा गोळ्या थुंकायची, चावायची.

“मग मी वर्गातलं जर्मन बोलून बघितलं. तिला हसूच आवरेना. तिच्या लहानपणी असलं शुद्ध जर्मन चर्चमध्ये फक्त पाद्री बोलायचे. आता मी काहीही म्हटलं ना सर, ‘गोळी घ्या’ म्हटलं, तरी ती हात जोडते, डोळे मिटते आणि चर्चमधल्या प्रसादासाठी उघडावं तसं तोंड उघडते.”

पेल हसले. हसता हसता त्यांना ट्रॅव्हिस आठवला. सहा वर्षांपूर्वी त्याला त्यांनीच जर्मन घ्यायला लावलं होतं. तो आता टायरच्या गोदामात काम करत होता आणि दर नाताळला न चुकता कार्ड पाठवत होता. त्यात तक्रारीचा शब्द नसे. ते कार्ड उघडायला पेल यांना दरवर्षी दोन-तीन दिवस लागत.

त्यांनी मुठीवरचा हात काढला.

“बायोलॉजी घे,” ते म्हणाले. “त्यात धोका नाही.”

“तुम्हाला खरंच तसं वाटतं?”

“कुणालाही विचार, तेच सांगेल.”

“मी कुणाला विचारत नाहीये, सर.”

पेल यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.  जोलीनने पेन उघडलं आणि कोऱ्या ओळीवर बायोलॉजी असं लिहिलं. पुढच्या वर्षी प्रयोगशाळा मंगळवार-गुरुवार दुपारी, म्हणजे जर्मनचा वर्ग सुटणार, हे तिने सांगितलं आणि पेल यांनी माहीत आहे म्हणून मान हलवली. त्यांनी सही केली. ती आभार मानून गेली.

दोन मिनिटांनी डॉटी आत आली. जर्मन, फ्रेंच आणि तत्त्वज्ञान या तिन्ही विभागांची मिळून ती एकच सेक्रेटरी. तिघांचीही डबकी आता आटत चालली आहेत, असं ती फोनवर मैत्रिणींना सांगत असे.

“किती झाले?”

“सात.”

“आणि आत्ता गेली ती?”

“बायोलॉजी.”

डॉटीने हातातला टपालाचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला. “अहो हॉवर्ड, तुम्ही बुडत असाल ना, तर काठावरच्या माणसाला सांगाल, दोर राहू दे, तुझे हात सोलवटतील.”

तिला जे हवंय त्यासाठी बायोलॉजीच बरं, असं पेल पुटपुटले. त्यावर डॉटीने आपल्या नवऱ्याची हकिगत ऐकवली. त्याचा निखळलेला खांदा ज्या फिजिशियन असिस्टंटने बसवला, तो कॉलेजात चार वर्षं ट्रॉम्बोन वाजवायला शिकला होता. खांदा बसवताना कसली तरी धूनही गुणगुणत होता म्हणे. “कुठलाही विषय चालतो त्यांना. हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

पेल यांनी खालच्या खणाकडे पाहिलं. डॉटी त्यांच्याकडे बघत राहिली.

“माहीत होतं.”

“मग?”

“सांगितलं असतं तर माझा फायदा होता, डॉटी.”

“फायदा होता म्हणून ते खोटं झालं का?”

तिने गठ्ठा उचलला आणि ती निघून गेली.  पेल यांनी खण उघडला, कागद घेतला आणि कोट न घालताच ते बाहेर पडले. मैदानावरचं बर्फ कडेकडेने काळं पडलं होतं. त्यांना पळायची सवय नव्हती. ते पळाले नाहीत, पण वाटेत भेटलेल्या दोघांच्या नमस्काराला उत्तर द्यायचं राहिलं.

रजिस्ट्रारच्या खिडकीपुढे रांग होती. जोलीनच्या पुढे तीन जण होते. पेल यांनी तिला बाजूला बोलावलं आणि काही न सांगता कागद हातात दिला.

तिने तो सावकाश वाचला. सहा संस्था, सहा ओळी. वाचून झाल्यावर तिचं बोट वर सरकलं आणि डोक्यावरच्या तारखेवर थांबलं.

“हे ऑक्टोबरमधलं आहे.”

“हो.”

“म्हणजे मघाशी तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

त्यांनी पत्राबद्दल सांगितलं. आठाचा नियम, सात ही संख्या, आजची तारीख. फार सांगावं लागलं नाही. सांगताना ते तिच्याकडे न बघता खिडकीच्या काचेवर चिकटवलेल्या सुट्ट्यांच्या यादीकडे बघत होते. ऑर्गॅनिकमधला तो सी बघता जर्मनने सरासरी वर राहील आणि ती सरासरीच आधी बघितली जाते, हेही त्यांनी सांगितलं. हे मघाशीच सांगायला हवं होतं, असं म्हणाले.

“म्हणून नाही सांगितलंत? पत्रामुळे?”

“म्हणून.”

रांग एका माणसाने पुढे सरकली. जोलीनने आपल्या हातातल्या अर्जाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते पेल यांना कळलं नाही.

“सर, मी जर्मन घेतलं तर तुम्हाला वाटेल, मी तुमच्या विभागावर दया केली. बायोलॉजी ठेवलं तर वाटेल, मी चिडले.”



तिने खिडकीशेजारच्या चळतीतून एक नवा पिवळा अर्ज घेतला. भिंतीला टेकवून नाव, क्रमांक, वर्ष भरलं. मग पाठ फिरवून आणखी एक शब्द लिहिला. वळली तेव्हा पेल यांचा पेन्सिलीचा कागद तिने अर्जावर आडवा धरला होता. खाली सहीची जागा तेवढी उघडी होती.

“या वेळी न वाचता करा.”

पेल यांनी खिशातून पेन काढलं. टेकायला काही नव्हतं. जोलीनने फाईल पुढे केली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. त्यांनी सही केली, आणि सवयीने सहीपुढे तारीख घातली.

ती रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. आता तिच्यापुढे पाच जण होते आणि घड्याळात चाराला दहा मिनिटं कमी होती. पेल वळले आणि आले त्याच वाटेने परत गेले.

डॉटी कोट घालून निघायच्या तयारीत होती.

“सात की आठ?”

“बघितलं नाही,” पेल म्हणाले.

 डॉटी उगाचच हातमोजे काढून पुन्हा घालू लागली.

पेल आत गेले. त्यांनी शब्दकोश दोन्ही हातांनी उचलला, खालचं पत्र काढलं, आणि दारातून येणाऱ्या कुणालाही वाचता येईल असं तोंड करून टेबलावर ठेवलं. मग सुट्टीनंतरच्या सोमवारच्या वर्गाचे कागद काढून पहिल्यावर तारीख घातली.